आधी इंग्रजी, मग पुस्तक? एका रूढ क्रमाचं खंडन

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे एक कल्पना मांडून पाहावी. नववीच्या मुलांच्या हाती एखादी छोटी इंग्रजी गोष्ट द्यायची, सहा-सहा जणांचे गट करायचे, गटाने ती घरी वाचून यायची आणि आठवड्यातला एक तास त्या गोष्टीवर मुलांनीच आपसांत बोलायचं. प्रश्न त्यांचे, वादही त्यांचा. शिक्षकांनी बाकांमधून फिरत ऐकायचं. या कल्पनेला कुणी वाईट म्हणत नाही. उत्तर मात्र जवळजवळ सगळीकडे एकच येतं: आधी मुलांना इंग्रजी येऊ दे, मग पुस्तकं देऊ, मग चर्चेचं बघू.

हा क्रम उलटा आहे आणि त्याने मराठी मुलांचं मोठं नुकसान केलं आहे, असं मला वाटतं. पण खंडनाची आपली जुनी रीत अशी की पूर्वपक्ष आधी असा मांडावा, की प्रतिपक्षाने म्हणावं, होय, मला हेच म्हणायचं होतं. ती पाळायलाच हवी, कारण हे उत्तर देणारे शिक्षक कामचुकार नसतात. उलट वह्या तपासायला घरी नेणारे, शेवटच्या बाकावरच्या मुलाला उभं करून पुन्हा समजावणारे शिक्षकच ते अधिक ठामपणे देतात.

त्यांचं म्हणणं असं. ‘मी काल मामाकडे गेलो होतो’ एवढं इंग्रजीत सांगताना ज्या मुलाची दमछाक होते, ते एखाद्या पात्राच्या मनात काय चाललं होतं यावर इंग्रजीत काय बोलणार? ते गप्प बसेल किंवा मराठीत बोलेल, आणि मराठीतच बोलायचं तर तो इंग्रजीचा तास कसा? समजा धीर करून इंग्रजीत बोललंच, तर चुकीचं बोलेल. शेजारचा ते चुकीचं ऐकेल, आपलंही चुकीचं त्यात मिसळेल आणि गटात एक मोडकं इंग्रजी पक्कं होऊन बसेल. भाषेचं सोडलं तरी अर्थाचं काय? शिक्षकाने उलगडून न दाखवलेला धडा मुलं भलताच समजतात, हा रोजचा अनुभव आहे. आणि शेवटी व्यवहार आहेच: साठ-सत्तरचा पट, वर्षअखेरीपर्यंत संपवायचा भाग, दहावीचा पेपर, आणि ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कुलूपबंद कपाट.

यातला एकही मुद्दा पोकळ नाही. भाषेच्या मुद्द्यावर सगळ्यांचा भर असतो, म्हणून आधी तोच घेऊ.

‘आधी’ हा शब्द कुठे तरी संपायला हवा. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आज नववीत बसलेल्या मुलाने आठ वर्षं इंग्रजीचे तास केलेले असतात. त्या आठ वर्षांत त्याने शब्दार्थ लिहिले, रिकाम्या जागा भरल्या, काळ बदलले, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातूनच उचलून लिहिली. एवढ्या तयारीनंतरही ते पुस्तकाला हात लावण्याजोगं झालेलं नसेल, तर आणखी दोन वर्षांच्या त्याच तयारीने ते होईल, ही आशा कशाच्या बळावर ठेवायची? प्रत्यक्षात ही मर्यादा पुढे सरकत राहते. दहावीत ‘आता परीक्षा’, अकरावीत ‘पाया कच्चा’, पदवीच्या वर्गात ‘आता काय उपयोग’. मराठी माध्यमातून शिकलेली आणि एकही इंग्रजी पुस्तक आपणहून न वाचता पदवीधर झालेली माणसं आपल्या अवतीभवती आहेत. ती बुद्धीने कमी नव्हती. त्यांच्यासाठी ‘मग’ कधी उगवलाच नाही.

या क्रमामागे भाषाशिक्षणाचा एक जुना समज आहे: भाषा हा आधी रचनांचा साठा असतो, तो भरला की त्यातून अर्थ व्यक्त करता येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या याच समजाने वाढल्या. स्वातंत्र्यानंतर वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावून एकेक घोटून घेण्याची पद्धत देशभर आली, तिच्याही मुळाशी हाच समज होता. त्याला आपल्याच देशात, शाळकरी मुलांच्या वर्गांत, गंभीर आव्हान मिळालेलं आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. त्यात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला होता. मुलांपुढे नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक, एखादं कोडं ठेवायचं, आणि त्यांचं लक्ष उत्तर काढण्याकडे लागलं की भाषा त्या धडपडीत रुजते, हा विचार त्यामागे होता. 1987 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या भाषाशिक्षकांनी ते वाचलं. लक्ष अर्थावर असताना भाषा आत उतरते, हे प्रभूंचं सूत्र मान्य केलं की ‘आधी भाषा’ हा क्रम टिकत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत याहून थेट पुरावा फिजीतून आला. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी 1980 च्या सुमारास तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या मुलांवर प्रयोग केला. ही मुलं घरी इंग्रजी बोलत नव्हती. शाळेतही त्यांना इंग्रजी मिळे ते रचना घोटून घेणाऱ्या ठरीव पाठांतून. प्रयोगातल्या वर्गांना सुमारे 250 सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली. काही वर्गांत मुलं रोज मनात वाचत. काही वर्गांत शिक्षक पुस्तक सगळ्यांसमोर वाचत आणि त्यावर बोलणं होई. बाकीच्या वर्गांत नेहमीचे रचनांचे पाठ चालू राहिले. आठ महिन्यांनी पुस्तकवाल्या मुलांची वाचलेलं आणि ऐकलेलं समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुपटीने झालेली दिसली. वीस महिन्यांनी हा फायदा वाढून भाषेच्या इतर अंगांपर्यंत पोचला होता. रचना ज्यांनी घोटल्या नाहीत, ते मागे पडले नाहीत. फिजीतलं बोलणं शिक्षकांसह होतं, मुलांच्या स्वतंत्र गटांत नव्हतं. त्यामुळे माझ्या सगळ्या म्हणण्याला मी त्याचा आधार घेणार नाही, फक्त क्रमाच्या प्रश्नापुरता घेतो. त्या प्रश्नाचा निकाल तिथे लागलेला आहे: दुसरी भाषा शिकणाऱ्या, खेड्यातल्या, नऊ-दहा वर्षांच्या मुलांनाही पुस्तक हे भाषेनंतरचं बक्षीस म्हणून द्यावं लागत नाही, पुस्तकातूनच भाषा येते.

राहिला प्रश्न मुलं मराठीत बोलतील याचा. बोलतील, आणि बोलावीत. या उत्तराने अनेक शिक्षकांना धक्का बसेल, कारण इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणं हा गुन्हा समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण बोलायला बंदी घातली म्हणून मूल इंग्रजीत विचार करू लागत नाही. ते विचार करणंच थांबवतं, आणि शिक्षकांना हवं असलेलं एक तयार वाक्य म्हणून दाखवतं. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातली बहुभाषिकता हे साधन मानलं आहे. शाळांनी ते मनावर घेतलं नाही, हा भाग वेगळा. गटात मी एकच नियम ठेवीन: दावा कोणत्याही भाषेत करा, पुरावा मात्र पुस्तकातलं वाक्य वाचून द्या.

हा नियम काय करतो, ते एका पुस्तकावरून सांगतो. रस्किन बाँड यांची ‘द ब्लू अम्ब्रेला’ ही लहानशी कादंबरी घ्या. इंग्रजी सोपं, प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहणारे. गढवालच्या डोंगरात गाई चारणारी बिन्या आपल्या गळ्यातलं बिबट्याचं नख देऊन सहलीला आलेल्या माणसांकडून निळी छत्री घेते. गावातला दुकानदार रामभरोसा त्या छत्रीच्या मोहात पडतो. विकत मागतो, मिळत नाही. पुढे त्याच्या दुकानात कामाला असलेला राजाराम नावाचा पोरगा छत्री पळवायला जातो, पकडला जातो, आणि रामभरोसाचं नाव बाहेर येतं. गाव त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवतं. आणि मग बिन्याच ती छत्री त्याला देऊन टाकते.

पाठ्यपुस्तकी पद्धतीने या गोष्टीवर प्रश्न येतील ते असे: छत्रीचा रंग कोणता होता, बिन्याच्या भावाचं नाव काय, गोष्टीतून कोणता बोध मिळतो. मुलांच्या गटात प्रश्न येईल तो असा: चोरायला गेला राजाराम, मग शिक्षा रामभरोसाला का? एक मूल म्हणेल, त्यानेच पाठवलं. दुसरं म्हणेल, कुठे लिहिलंय? आता दोघांना त्या दोघांमधल्या संवादाचं पान काढावं लागतं. कोण आधी बोललं, पैशाची गोष्ट कुणी काढली, रामभरोसा नेमकं काय म्हणाला आणि काय म्हणाला नाही, हे वाक्यावर बोट ठेवून वाचावं लागतं. तीच चार-पाच वाक्यं सहा मुलं आळीपाळीने, आपापल्या बाजूने, पुन्हा पुन्हा वाचतात. प्रश्नार्थक वाक्य, अर्धवट सोडलेलं वाक्य, ‘वुड’ आणि ‘विल’ यांतला फरक, हे सगळं त्या वाचनात येतं, आणि कुणाचं म्हणणं खरं हे त्या फरकावर ठरणार असल्यामुळे ते लक्षात राहतं. फळ्यावर लिहून दिलेल्या नियमाला एवढी निकड कधीच येत नाही.

पुढचा प्रश्न याहून मोठा निघू शकतो. गावाने रामभरोसाला वाळीत टाकलं ते बरोबर होतं का? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुलाला परका नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्याकडे 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, तो करावा लागला कारण वाळीत टाकलेली कुटुंबं इथे होती. एखाद्या गटातल्या मुलाच्या आजीने वाडीतली अशी हकीगत सांगितलेली असेल. ते मूल तोंड उघडेल तेव्हा मराठीतच उघडेल, आणि त्याला ‘स्पीक इन इंग्लिश’ म्हणून गप्प बसवणाऱ्या शिक्षकाने त्या दिवशी इंग्रजीचंही नुकसान केलेलं असेल. कारण आपल्या आजीच्या गोष्टीत आणि रामभरोसाच्या गोष्टीत फरक काय, हे सांगायला ते मूल पुन्हा पुस्तकातच जाणार होतं.

आता दुसरा आक्षेप, चुकीच्या इंग्रजीच्या संसर्गाचा. इथे प्रतिपक्षात खुद्द प्रभूच उभे आहेत. ‘आधी भाषा’ हा समज ज्यांनी खिळखिळा केला, त्यांनीच आपल्या प्रयोगात गटकामाला जागा दिली नाही. मुलांनी आपणहून एकमेकांना विचारलं तर त्यांची हरकत नव्हती. पण गट पाडून मुलांना आपसांत बोलायला लावलं तर प्रत्येकाच्या कानावर दुसऱ्याचं अपुरं इंग्रजी पडत राहील आणि त्यातून एक मोडकी भाषा घट्ट होईल, अशी त्यांची भीती होती. शिक्षकाचं इंग्रजी मुलांच्या इंग्रजीपेक्षा बरं असतं, तेच जास्तीत जास्त कानावर पडू द्या, हा त्यांचा निष्कर्ष. प्रभूंच्या विचाराचं ऋण मानणाऱ्याने या भीतीला बगल देऊ नये.

तिला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं संशोधनातलं. मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर यांनी 1985 साली, दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या आपसांतल्या बोलण्यावर तोवर झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. शिक्षकांच्या देखरेखीखाली बोलताना शिकणाऱ्याची भाषा जेवढी शुद्ध असते, तेवढीच ती गटातही असते. गटात आहोत म्हणून चुका वाढत नाहीत, असं त्यात दिसलं. बोलण्याची संधी मात्र गटात कितीतरी अधिक मिळते. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला एकेका मुलाच्या वाट्याला किती बोलणं येतं, याचा हिशेब कुणीही मनात करून पाहावा.

दुसरं उत्तर मला अधिक महत्त्वाचं वाटतं. प्रभूंची भीती अशा गटाबद्दल आहे, ज्यात मुलांजवळ मुलांच्याच इंग्रजीशिवाय दुसरं इंग्रजी नाही. पुस्तकाच्या गटात सातवा सभासद असतो, तो म्हणजे पुस्तक. त्याचं इंग्रजी शुद्ध असतं, ते थकत नाही, कुठल्याही क्षणी उघडता येतं. आणि पुरावा पुस्तकातूनच देण्याचा नियम असेल तर गटात सर्वाधिक वेळा उच्चारलं जाणारं इंग्रजी त्या सातव्या सभासदाचं असतं. कित्येक शाळांत शिक्षकांचं स्वतःचं इंग्रजी अवघडलेलं असतं. त्यांचं शिक्षणही याच क्रमाने झालं, त्याचा दोष त्यांना देता येत नाही. अशा वर्गात तर शिक्षकाच्या बोलण्यापेक्षा रस्किन बाँडचं किंवा आर. के. नारायण यांचं वाक्य मुलांच्या कानावर अधिक पडणं प्रभूंच्याच तर्काने श्रेयस्कर ठरतं.

तिसरा आक्षेप चुकीच्या अर्थाचा. प्रतिपक्ष इथे आय. ए. रिचर्ड्स यांना साक्षीला बोलावू शकतो. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि लेखी अभिप्राय मागवले. त्यांतून निघालेलं पुस्तक 1929 चं आहे. चांगल्या शाळांत शिकलेल्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या त्या तरुणांनी कवितांचे साधे शब्दार्थसुद्धा चुकवलेले होते. त्यांची ही गत, तर आमच्या नववीच्या मुलांचं काय होणार?

पण रिचर्ड्सना हे कळलं कसं, ते पाहायला हवं. ते आधी बोलले नाहीत म्हणून कळलं. त्यांनी प्रथम कविता समजावून दिली असती, तर तेच विद्यार्थी त्यांचाच अर्थ त्यांना परत लिहून देते आणि सगळं नीट समजलं आहे असं सगळ्यांना वाटत राहिलं असतं. आपल्या वर्गात नेमकं हेच घडतं. शिक्षक धड्याचं वाक्यावाक्याने मराठीत भाषांतर करून सांगतात, उत्तरं लिहून देतात, मुलं ती पाठ करतात. गैरसमज जिथे होता तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो. मुलांच्या गटाजवळ उभं राहून ऐकणाऱ्या शिक्षकाला तो पाच मिनिटांत सापडतो. आणि रिचर्ड्स तिथे थांबले नव्हते: आलेले अभिप्राय समोर ठेवून त्यांनी त्यांवर व्याख्यानं दिली. शिकवणं रद्द झालं नाही, ते ऐकण्यानंतर आलं.

अर्थ वाचकाच्या आणि मजकुराच्या देवघेवीतून घडतो, हे अमेरिकेत लुईज रोझेनब्लॅट यांनी 1938 पासून सांगितलं. त्यांचा आधार घेऊन ‘मुलाला वाटेल तो अर्थ बरोबर’ असं म्हणणारे पुढे बरेच निघाले. रोझेनब्लॅट यांना ते मान्य नव्हतं. मजकूर ज्याला आधार देतो तो अर्थ, आधार न देणाऱ्या अर्थापेक्षा सरस, हे त्यांनी स्पष्ट ठेवलं होतं. गटातला ‘कुठे लिहिलंय?’ हा प्रश्न म्हणजे तीच कसोटी, आणि ती लावायला चौदा वर्षांच्या मुलांना कुणाची परवानगी लागत नाही.

इथवर मी गटांचा कैवार घेतला. आता कैवार घेणाऱ्यांच्या एका मताचंही खंडन करायला हवं, कारण त्या मताने या पद्धतीला बदनाम केलं आहे. ते मत असं: मुलं बोलू लागली की काम झालं, शिक्षकांनी दूर राहावं.

या गटांची आजची रूपं अमेरिकेतून आली. हार्वी डॅनियल्स यांनी त्यांचा जो इतिहास सांगितला आहे, त्यात 1982 साली अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरातल्या कॅरन स्मिथ या शिक्षिकेचा पाचवीचा वर्ग आरंभी येतो. वर्गात पडून असलेल्या पुस्तकांच्या खोक्याभोवती मुलांनी आपणहून गट केले आणि त्यांच्या बोलण्याची खोली पाहून त्या चकित झाल्या. डॅनियल्स यांनी स्वतः शिकागोच्या शाळांतल्या अनुभवावर 1994 मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याने ही पद्धत हजारो वर्गांत नेली. त्यात गटातल्या प्रत्येकाला एक भूमिका होती: एकाने प्रश्न काढायचे, एकाने उतारे निवडायचे, एकाने शब्द शोधायचे, एकाने चित्र काढायचं, एकाने आपल्या आयुष्याशी धागा जोडायचा. प्रत्येक भूमिकेचा छापील कागद होता. शिक्षकांना तो कागद फार सोयीचा वाटला, आणि बघता बघता चर्चेच्या जागी कागद भरून वाचून दाखवणं आलं. डॅनियल्स यांनीच 2002 च्या आवृत्तीत त्याबद्दल सावध केलं: हे कागद थोडे दिवस आधाराला घ्यायचे होते, कायमचे नव्हेत. आपल्याकडे ही पद्धत आली तर पहिल्यांदा हे कागदच येतील, अशी मला धास्ती वाटते. प्रकल्पवह्यांचं काय झालं ते आपण पाहिलेलं आहे.

त्याहून कडक इशारा 2009 सालच्या एका मोठ्या आढाव्यात आहे. कॅरन मर्फी आणि सहकाऱ्यांनी वर्गचर्चेच्या अनेक पद्धतींवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. मुलांचं बोलणं वाढवणाऱ्या पद्धती पुष्कळ निघाल्या, पण सखोल आकलन आणि चिकित्सक विचार वाढवणाऱ्या थोड्याच. बोलणं वाढलं म्हणजे समज वाढली, असं होत नाही. गटांच्या भाबड्या समर्थकांना हा आढावा गैरसोयीचा वाटतो. मला त्यातली दुसरी नोंद तितकीच मोलाची वाटते: अभ्यासात सरासरीपेक्षा मागे असलेल्या मुलांना चर्चेचा फायदा अधिक झाला. आर्थर अॅपलबी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 64 वर्गांची पाहणी करून 2003 साली हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं. त्या वर्गांत तासाभरात खरी खुली चर्चा सरासरी 1.7 मिनिटं होत होती. जिथे ती अधिक होती, तिथे हुशार आणि मागे पडलेली, दोन्ही प्रकारची मुलं पुढे गेली. ‘हे हुशार मुलांसाठी ठीक आहे’ हे आपल्याकडचं पालुपद या नोंदींपुढे उभं राहत नाही.

मग समज वाढवणारं बोलणं आणि नुसतं बोलणं यांत फरक कशाने पडतो? पुस्तकाची निवड, बोलण्याआधीची तयारी आणि मजकुराकडे परत येण्याचा आग्रह, या तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या हातात असतात. मुलांचं नेतृत्व प्रश्नांपुरतं आणि वादापुरतं असावं. कोणतं पुस्तक या वर्गाला झेपेल आणि भांडायला लावेल, हे ठरवायला शिक्षकाने आधी दहा पुस्तकं वाचलेली असावी लागतात. हे व्याख्यानापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे, आणि म्हणूनच ‘शिक्षक मोकळे बसतात’ हा आरोप अज्ञानाचा आहे.

गटातली एक खरी अडचण मात्र मी मान्य करतो. गट केला की वर्गातलीच उतरंड त्यात येते. इंग्रजी बरं असलेला एक जण बोलतो, बाकीचे माना डोलावतात, आणि मुली-मुलांचा एकत्र गट असेल तर पुष्कळदा मुली ऐकत राहतात. यावर मला सर्वांत उपयोगी वाटलेली सूचना एडन चेंबर्स यांची आहे. त्यांच्या 1993 च्या पुस्तकात मुलांशी पुस्तकाबद्दल बोलताना चार गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत: काय आवडलं, काय आवडलं नाही, कुठे कोडं पडलं, आणि कुठे काही पुन्हा पुन्हा येताना दिसलं. यातलं तिसरं आधी घ्यावं. प्रत्येकाने घरून येताना आपल्याला अडलेली जागा चिठ्ठीवर पान क्रमांकासह लिहून आणायची आणि चर्चा त्या चिठ्ठ्यांनी सुरू करायची. मत मांडायचं म्हटलं की हुशार मूल पुढे येतं. अडलेल्या जागा मात्र कच्च्या वाचकाजवळ अधिक असतात. त्याची चिठ्ठी गटाला काम देते. आणि ‘मला हे कळलं नाही’ म्हणण्याची लाज जिथे सुटते, तिथून पुढे शिकवणं कितीतरी सोपं होतं.

‘हे परदेशी खूळ आहे’ असंही कुणी म्हणेल. त्याला उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या साहाय्याने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचायचे आणि त्यांवर चर्चा करायची, हे तिचं काम. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत होते. इंग्रजी ही त्या तरुणांचीही मातृभाषा नव्हती. आणि त्यांनी केलं काय, तर मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा त्याच सोसायटीच्या शाखा म्हणून सुरू केल्या, म्हणजे इंग्रजीत वाचलेलं आपल्या भाषेत बोलण्याची सोय केली. पुढच्याच वर्षी, 1849 मध्ये, या विद्यार्थ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. त्यांना ‘आधी तुमचं इंग्रजी पक्कं होऊ दे’ असं सांगून कुणी थांबवलं असतं, तर या शहराचा इतिहास वेगळा झाला असता. ती मुलं निवडक घरांतली होती, हे खरं. त्यांना मिळालेली संधी आज जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला का मिळू नये, हा माझा प्रश्न आहे.

आता व्यवहार. साठ मुलांच्या वर्गात सहा-सहांचे दहा गट होतात. एका वेळी सगळ्यांनी बोलायची गरज नाही. पाच गट बोलत असताना उरलेले पाच वाचत किंवा लिहीत बसू शकतात, पुढच्या आठवड्यात उलट. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. मैदानाकडची खोली किंवा व्हरांडा मिळाला तर बरं. पुस्तकांचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत असं लिहिलेलं आहे. आठवीपर्यंतची ही तरतूद असल्यामुळे गटांची सवय सहावी-सातवीतच लावता येते, आणि तेच खरं वय आहे. एका पुस्तकाच्या तीस प्रती असल्या तर दोघांत एक पुरते. दोघांनी एका पुस्तकात डोकं घालून वाचणं हे काही कमी प्रतीचं वाचन नव्हे. एवढ्याही प्रती नसतील तर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातलीच एखादी गोष्ट घ्यावी, फक्त ती शिकवून झाल्यावर नाही, शिकवण्याआधी.

परीक्षेचा धाक दहावीत खरा असतो. तिथे शंभरांपैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत आणि ऐकणं-बोलणं त्यातच तपासायचं असतं. आज त्या गुणांसाठी पाठ केलेला स्वपरिचय म्हणवून घेतला जातो. त्याऐवजी गटात बसलेल्या मुलाचं दहा मिनिटं ऐकावं: त्याने किती वेळा पान उघडून वाक्य वाचलं, दुसऱ्याच्या म्हणण्याला धरून बोललं का, शेवटी चर्चेचं सार इंग्रजीत चार वाक्यांत लिहिलं का. ती चार वाक्यं सुरुवातीला लंगडी असतील. क्रियापदांच्या चुका असतील. त्या शिक्षकांनी तपासाव्यात, फळ्यावर घ्याव्यात, नियम सांगावा. त्या घडीला नियम ऐकणाऱ्या मुलापाशी सांगण्यासारखं काही तरी असतं, आणि ते बरोबर सांगता यावं अशी त्याची स्वतःची इच्छा असते. व्याकरणाच्या शिकवणीला माझा विरोध कधीच नव्हता. तिची जागा चर्चेच्या आधी नसून नंतर आहे, एवढाच माझा पक्ष.